थायलंडच्या बुरीराममधली ख्मेर देवळं: ती नेमकी कोणाची?

२०२५च्या जुलैत थायलंड आणि कंबोडिया यांच्यात पाच दिवस तोफा धडाडत होत्या. पहिली चकमक झडली ती ता मुअन थोम नावाच्या देवळाजवळ. हे जुनं शिवालय. गाभाऱ्यात घडवलेली पिंड नाही, जमिनीतून वर आलेला खडकच पिंड म्हणून पुजलेला. आपण स्वयंभू म्हणतो तसा. २८ जुलैला मलेशियात युद्धविराम झाला, डिसेंबरात पुन्हा भडका उडाला आणि २७ डिसेंबरला पुन्हा युद्धविराम. आपल्याकडे त्या दिवसांत ‘शिवमंदिरावरून दोन बौद्ध देशांत युद्ध’ या थाटाचे मथळे फिरत होते. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच दोन शंका आल्या. बौद्ध देश शिवाच्या देवळासाठी कशाला भांडतात? आणि कंबोडियातल्या ख्मेर राजांची देवळं थायलंडमध्ये आली कशी?

ता मुअन थोमवर आज बंदुका रोखलेल्या आहेत, त्यामुळे तिथे उभं राहून हे समजून घेणं अवघड. त्यापेक्षा तिथून थोडं वायव्येला जाऊ, बुरीराम या शहरात आणि त्याच्या प्रांतात. इथलं मुख्य देऊळ फनोम रुंग सीमेच्या बरंच आत आहे. ते थायलंडच्या हद्दीत आहे याबद्दल वाद नाही. तरीही ‘कोणाचं?’ हा प्रश्न इथे सुटत नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण कामाचं.

ख्मेर वेगळं, कंबोडिया वेगळं

ख्मेर हे एका लोकसमूहाचं आणि त्याच्या भाषेचं नाव. कंबोडिया हा देश. त्या देशात बहुसंख्य लोक ख्मेर आहेत, म्हणून आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. ख्मेर लोक व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाजवळही राहतात आणि थायलंडच्या सुरिन, बुरीराम, सिसाकेत या प्रांतांतही. हे कुणी स्थलांतर करून कालपरवा आलेले नव्हेत.

ख्मेर साम्राज्याची सुरुवात साधारणपणे इ. स. ८०२ पासून धरतात, जयवर्मन दुसरा या राजापासून. राजधानी अंकोर, आजच्या सिएम रीप शहराला लागून. राज्य भरात असताना आजचा कंबोडिया, थायलंडचा मोठा भाग, दक्षिण लाओस आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश एवढा पसारा होता. अंकोरच्या उत्तरेला डांगरेक ही डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. दक्षिणेकडे तिचा सरळ कडा तुटतो, उत्तरेकडे कोरातचं पठार हळूहळू उतरत जातं. आज ही रांग म्हणजे दोन देशांची सीमा. तेव्हा ती राज्याच्या पोटात होती आणि घाटवाटांनी बैलगाड्या, हत्ती, यात्रेकरू जा-ये करत.

आता खरी गंमत. अंकोरवाट बांधणारा सूर्यवर्मन दुसरा ज्या महीधरपुर घराण्यातला, ते घराणं मूळचं या उत्तरेकडच्या पठारावरचं, मून नदीच्या खोऱ्यातलं, असं बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे आजच्या थायलंडमधलं. बुरीरामच्या शेजारी, नाखोन राचासिमा प्रांतात फिमाई नावाचं मोठं देऊळ आहे. तिथल्या शिलालेखात ११०८ हे साल मिळतं. सूर्यवर्मन दुसरा गादीवर बसला १११३मध्ये. कमळाच्या कळीसारखं निमुळतं होत गेलेलं अंकोरवाटचं शिखर जगभर ओळखतात; त्याचा आधीचा अवतार फिमाईत दिसतो. तेव्हा बुरीरामकडे ‘अंकोरची लांबची वसाहत’ म्हणून बघणं चूक. राजघराणंच इथून खाली उतरलं होतं.

मराठी वाचकाला हे तंजावरच्या उदाहरणाने चटकन कळावं. तिथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, १८०३ सालचा भलामोठा मराठी शिलालेख आहे. तो मराठ्यांचा वारसा आहे, तामिळनाडूची मालमत्ता आहे आणि ज्या देवळावर कोरलाय ते चोळांचं आहे. तिन्ही विधानं एकाच वेळी खरी. त्यावरून तंजावर महाराष्ट्राला जोडा असं कोणी म्हणत नाही. फरक इतकाच की भोसले तंजावरला बाहेरून गेले. ख्मेर बुरीरामला बाहेरून आले नव्हते.

सव्वादोनशे किलोमीटरची वाट

अंकोर ते फिमाई असा एक राजमार्ग होता, दोन-सव्वादोनशे किलोमीटरांचा. तो बुरीरामच्या भूमीतून जायचा. बाराव्या शतकाच्या अखेरीस जयवर्मन सातवा या बौद्ध राजाने राज्यभरच्या रस्त्यांवर सराया बांधल्या. त्याच्या ११९१च्या शिलालेखानुसार एकूण १२१ सराया, त्यांतल्या १७ या एकट्या अंकोर-फिमाई वाटेवर. ११८६च्या दुसऱ्या एका शिलालेखात १०२ आरोग्यशाळांची नोंद आहे. आरोग्यशाळा म्हणजे दवाखाना. दवाखान्याची राहण्याची-उपचाराची इमारत लाकडी होती, ती कधीच गेली. सोबतचं छोटं दगडी देऊळ तेवढं उरलं.

सरायांच्या या इमारती जांभ्याच्या. कोकणात घरं बांधतात तो लालसर, छिद्राछिद्रांचा दगड. ओला असताना कापता येतो, उन्हात वाळला की कडक होतो. बुरीराममध्ये अशी एक सराई आज शाळेच्या आवारात उभी आहे. प्रासाद बान बु तिचं नाव. प्रासाद हा शब्द तिकडे अशा कोणत्याही जुन्या दगडी देवळाला किंवा त्याच्या शिखराच्या वास्तूला लावतात.

हा रस्ता डोक्यात ठेवला की ता मुअन थोमचं कोडंही सुटतं. तिथे खरं तर तीन वास्तू आहेत: एक सराई, एक आरोग्यशाळा आणि एक देऊळ. घाट चढून आलेल्याला मुक्काम, औषधपाणी आणि दर्शन. ज्या खिंडीतून माणसं एकमेकांकडे जायची तीच खिंड आता सीमेवरची चौकी झाली.

फनोम रुंग, जरा जवळून

बुरीराम प्रांतात विझलेले ज्वालामुखी बरेच आहेत. त्यांतल्या एकाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर, फनोम रुंग आहे. शहरातून दक्षिणेला तास-दीड तासाचा रस्ता. बांधकाम एका दमात झालेलं नाही. दहाव्या शतकातल्या विटांच्या छोट्या देवळांचे अवशेष, अकराव्या शतकातलं एक लहान शिखर आणि बाराव्या शतकातलं मुख्य वालुकाश्माचं देऊळ, असं सगळं एकाच आवारात आहे.

मुख्य देऊळ नरेंद्रादित्याचं. तो सूर्यवर्मन दुसऱ्याचा नातलग. राजासाठी लढाया जिंकल्या आणि मग सगळं सोडून इथे तपस्वी होऊन राहिला, असं त्याचा मुलगा हिरण्य याने कोरवलेला संस्कृत शिलालेख सांगतो. देवळात जागोजागी जटाधारी ऋषींच्या आकृती आहेत. गाभाऱ्याच्या आतल्या एका दारावर पाच ऋषी ओळीने बसलेत. हे स्थान पाशुपत पंथाचं होतं. पाशुपत म्हणजे शिवभक्तांचा फार जुना पंथ. लकुलीश हा त्यांचा आद्य गुरू मानला जातो. मुंबईकराने यासाठी लांब जायला नको. घारापुरीच्या आणि जोगेश्वरीच्या लेण्यांत लकुलीश कोरलेला आहे.

देवळाकडे जाणारी वाटच सुमारे १६० मीटरची आहे. फरसबंद, सरळ, दोन्ही बाजूंना कमळकळीच्या टोकाचे दगडी खांब. पुढे पाच फण्यांच्या नागांचे कठडे असलेला पूल. मग उंच पायऱ्या. आत शिरल्यावर अंतराळात, म्हणजे गाभाऱ्याआधीच्या दालनात, नंदी, पुढे गाभारा, आणि अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी दगडी पन्हाळ. तिला ख्मेर वास्तूंचे अभ्यासक सोमसूत्र म्हणतात. शंकराला अर्धी प्रदक्षिणा घालून परत फिरणाऱ्या माणसाला या पन्हाळीचं काम समजावून सांगावं लागणार नाही.

दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले आहेत. हेमाडपंती देवळं बघितलेल्यांना त्याचं नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते पुढच्या कामाचं. शतकानुशतकं पडझड होत राहिली होती. थायलंडच्या ललितकला खात्याने १९७१ ते १९८८ अशी सतरा वर्षं इथे काम केलं. पद्धतीचं नाव अनॅस्टिलोसिस. प्रत्येक दगडाला क्रमांक द्यायचा, वास्तू उतरवायची, खालचा पाया पक्का करायचा आणि तेच दगड पुन्हा त्याच जागी चढवायचे. नवा दगड अगदी नाइलाज असेल तिथेच.

देवळाची पंधरा दारं एका रेषेत आहेत. वर्षातून काही ठरावीक दिवशी उगवता सूर्य या पंधराही दारांतून आरपार दिसतो: एप्रिलच्या ३ ते ५ तारखेला आणि सप्टेंबरच्या ८ ते १० तारखेला. मावळता सूर्य असाच मार्च आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. यात चमत्कार नाही. देवळाचा अक्ष नेमका पूर्व-पश्चिम नसून पूर्वेच्या टोकाला पाचेक अंश उत्तरेकडे कललेला आहे. मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तो संपात उलटून सूर्य जरा उत्तरेला सरकला की एप्रिलमध्ये तो या रेषेत उगवतो. सप्टेंबरात दक्षिणेकडे परतताना पुन्हा. मावळताना हिशोब उलटा, कारण अक्षाचं पश्चिम टोक दक्षिणेकडे झुकलेलं. हे बांधणाऱ्यांनी मुद्दाम केलं का, यावर पानंच्या पानं लिहिता येतील. एप्रिलमध्ये तिथे जत्रा भरते आणि गर्दी आभाळ निरभ्र राहो म्हणून देवाला साकडं घालते, हे मात्र खरं.

पायथ्याशी मुआंग ताम नावाचं आणखी एक देऊळ आहे. चार कोपऱ्यांत काटकोनी वळणाची चार कमळतळी, आणि प्रत्येक तळ्याच्या काठावरून सरपटत गेलेला दगडी नाग. वरच्या देवळापेक्षा मला तरी खालचं हे जास्त देखणं वाटतं.

‘मग ही तर आपलीच देवळं!’

शिव, नंदी, रामायणातले प्रसंग, संस्कृत शिलालेख. एवढं ऐकल्यावर आपल्याकडच्या कुटुंबाच्या ग्रुपवर ‘बघा, आपलं राज्य कुठवर होतं’ असा संदेश येतोच. तर, तसं नव्हतं. ख्मेर प्रदेश कोणत्याही भारतीय राजाने जिंकल्याचा पुरावा नाही. व्यापाराची जहाजं गेली, त्यांच्याबरोबर ब्राह्मण आणि बौद्ध भिक्षू गेले, ग्रंथ गेले. तिथल्या राजांनी त्यातलं जे हवं ते घेतलं आणि आपल्या पद्धतीने वापरलं. शिलालेखांत संस्कृत श्लोकांबरोबर जुन्या ख्मेर भाषेतला मजकूरही असतो. देवस्तुती आणि राजाची वंशावळ संस्कृतात. जमिनी, सेवेकरी, तांदळाचा हिशोब ख्मेरमध्ये. कारभाराची भाषा कोणाची होती ते यावरून कळतं.

शिवाय पुढे तेराव्या-चौदाव्या शतकांत ख्मेर समाज थेरवाद बौद्ध पंथाकडे वळला. देवळं कुठे ओस पडली, कुठे बौद्ध पूजेसाठी वापरात राहिली. म्हणून दोन बौद्ध देश शिवमंदिरासाठी भांडतात यात विसंगती नाही. देव कोणता हा भांडणाचा विषयच नाही. पूर्वज कोण आणि जमीन कोणाची, हा आहे.

भारताचा संबंध आहे तो वेगळा आणि अलीकडचा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ ते १९९३ या काळात अंकोरवाटला डागडुजी केली. कंबोडियात यादवीची धग होती, बाहेरचे देश फारसे फिरकत नव्हते. पुढे ता प्रोम या देवळाचं कामही भारताने हाती घेतलं.

सीमारेषा आली कुठून?

१४३१च्या सुमारास सयामच्या, म्हणजे जुन्या थायलंडच्या, अयुत्थया राज्याने अंकोर घेतलं. ख्मेर राजधानी दक्षिणेला सरकली, राज्य आक्रसत गेलं. कंबोडिया १८६३मध्ये फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला. आणि एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: खुद्द अंकोरवाट १९०७पर्यंत सयामच्या ताब्यात होतं. त्या वर्षीच्या तहाने बत्तंबाँग, सिएम रीप आणि सिसोफोन हे भाग सयामने फ्रान्सला दिले. आज कंबोडियाच्या झेंड्यावर असलेलं देऊळ कंबोडियाच्या नकाशात परत येऊन अजून सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत.

डांगरेक रांगेचं काय? १९०४च्या तहात ठरलं की सीमा पाणलोट रेषेवरून जाईल. पावसाचं पाणी ज्या धारेवरून इकडे किंवा तिकडे वाहतं ती धार म्हणजे पाणलोट रेषा. कागदावर सोपं, डोंगरावर कठीण. फ्रेंच अधिकाऱ्यांनी नकाशे काढले आणि प्रेअ विहिअर हे कड्याच्या टोकावरचं देऊळ कंबोडियाच्या बाजूला दाखवलं. धारेचा विचार केला तर ते सयामच्या बाजूला यायला हवं, असं थायलंडचं म्हणणं. पण नकाशे मिळाले तेव्हा सयामने हरकत घेतली नाही. उलट सयामचे राजपुत्र दामरोंग यांनी आभार मानून आपल्या प्रांताधिकाऱ्यांसाठी प्रत्येक नकाशाच्या आणखी पंधरा प्रती मागवल्या. १९३०मध्ये ते प्रेअ विहिअरला गेले तेव्हा स्वागताला फ्रेंच अधिकारी हजर होता, फ्रेंच झेंडा फडकत होता. तेव्हाही काही बोलले नाहीत.

१९६२मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ विरुद्ध ३ मतांनी देऊळ कंबोडियाला दिलं. गप्प राहणं म्हणजे मान्य करणं, हा निकालाचा गाभा. थायलंडमध्ये ही जखम अजून ओली आहे. २००८मध्ये प्रेअ विहिअर जागतिक वारसा यादीत गेलं तेव्हा ती पुन्हा भळभळली, २०११मध्ये तिथे गोळीबार झाला. ता मुअन थोमचा तर निवाडा कुठल्याच न्यायालयात झालेला नाही.

त्याच १९६२च्या निकालात एक कलम सहसा नजरेतून सुटतं. देवळातून हलवलेल्या मूर्ती आणि दगड परत करा, असंही न्यायालयाने थायलंडला सांगितलं होतं. म्हणजे जमिनीचा निवाडा वेगळा, वस्तूंचा वेगळा. वस्तूंच्या बाबतीत मात्र पुढे बुरीरामची बाजू उलटी होती. तिथे चोरी झाली होती.

शिकागोला पोचलेला उत्तरंग

दाराच्या वरच्या आडव्या दगडाला उत्तरंग म्हणतात. ख्मेर शिल्पकार आपलं सगळं कसब तिथे ओतत. फनोम रुंगच्या पूर्व दारावर, वरच्या त्रिकोणी भागात नाचणारा शिव आहे आणि त्याखालच्या उत्तरंगावर शेषशायी विष्णू. लक्ष्मी पायांशी. नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मा. बाजूला पानाफुलांच्या वेलबुट्टीत शिल्पकाराने पोपटही बसवलेत.

१९६०च्या दशकात हा दगड गायब झाला. एक लहान तुकडा बँकॉकच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडला. मोठा भाग कुठे गेला ते कळायला १९७३ उजाडलं. राजपुत्र सुभद्रादिस दिस्कुल हे थायलंडचे मोठे कलेतिहासकार. त्यांना तो शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मांडलेला दिसला. एका खाजगी प्रतिष्ठानाने तो तिथे ठेवायला दिला होता.

मागायचा कसा? चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंबद्दलचा युनेस्कोचा करार १९७०चा. त्याआधी देशाबाहेर गेलेल्या वस्तूंना तो लागत नाही. कायद्याचा दोर आखूड पडला तेव्हा लोकांनी ओरडा केला. देऊळ पुन्हा उभं राहत होतं आणि दारावरची जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेने जे काम केलं ते वकिलांना जमलं नसतं. २१ मे १९८८ला राजकन्या सिरिंधोर्न यांच्या हस्ते फनोम रुंग खुलं झालं, तेव्हा उत्तरंग शिकागोतच होता. अमेरिकेत थाई लोकांनी निदर्शनं केली, थायलंडमध्ये गाणी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दगड परत आला. आज तो दारावर आहे, तुकड्यांमधले सांधे उघड्या डोळ्यांना दिसतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: मोठ्या संग्रहालयात वस्तू सुरक्षित राहते, चार लोक बघतात, मग परत कशाला? सुरक्षिततेचा मुद्दा सगळा खोटा नाही. २००८मध्ये फनोम रुंगच्या आवारात कुणीतरी नागांची डोकी आणि मूर्ती फोडल्या होत्या. पण उत्तरंग ही सुटी मूर्ती नव्हे. तो दाराचा भाग आहे. वर नाचणारा शिव, खाली झोपलेला विष्णू ही जोडी शैव देवळाच्या मुख्य दारावर का असावी, हा विचार तो दगड भिंतीवर टांगलेला असताना कोणाला सुचणारच नाही.

बुरीराम शहरात या वारशाचं काय झालं?

हे शहर आज भारतातल्या तरुण पोरांना माहीत असेल तर फुटबॉल आणि मोटरसायकलींमुळे. बुरीराम युनायटेड हा थायलंडचा दादा क्लब. त्याच्या चिन्हावर फनोम रुंगचं देऊळ आहे. २०१८पासून मोटोजीपीची शर्यत इथे होते. स्टेडियम आणि ट्रॅक यांच्यामध्ये असलेल्या बाजारसंकुलात फनोम रुंगची प्रतिकृती उभी केलीय. शहराचं ग्रामदैवत म्हणावं असं स्तंभदेवतेचं मंदिरही ख्मेर शिखराच्या धर्तीवर बांधलंय. ख्मेरपणा इथे लपवलेला नाही, विकायला मांडलाय, असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

पण शिखरांचं एवढं कौतुक होत असताना भाषेचं तसं झालेलं नाही. बुरीराम, सुरिन, सिसाकेतमध्ये उत्तरी ख्मेर बोलणारे दहा लाखांहून जास्त असावेत. शाळा थाईत, कचेऱ्या थाईत. त्यामुळे घरात आजी ख्मेर बोलते आणि नातू थाईत उत्तर देतो. कांत्रुम हे ढोलकाच्या ठेक्यावरचं ख्मेर गाणं लग्नकार्यात अजून वाजतं. आणि सेन डोनता हा सण होतो, पूर्वजांना भात, फळं, गोडधोड वाढण्याचा. तिथी कोणती? भाद्रपदाचा वद्य पक्ष संपताना. आपल्याकडे त्याच दिवसांत पितृपक्षाची पानं वाढलेली असतात. सीमेपलीकडे कंबोडियात हाच सण पचुम बेन नावाने राष्ट्रीय सुटी घेऊन साजरा होतो.

युद्ध झालं तेव्हा या लोकांची कोंडी झाली. बुरीरामच्या दक्षिण टोकाला बान क्रुआत तालुका आहे. तिथे ख्मेर काळातले भट्ट्यांचे अवशेष आहेत. तपकिरी आणि हिरवट झिलईची भांडी इथून अंकोरपर्यंत जायची. देवळांसाठी वालुकाश्म कापल्याच्या खुणाही तिथल्या खडकांवर आहेत. त्याच तालुक्यातली माणसं २०२५मध्ये घरं सोडून निवाऱ्यांत गेली. डिसेंबरात शर्यतीच्या ट्रॅकच्या आवारात विस्थापितांची सोय केली होती. त्यांतले कितीतरी जण तोफेच्या पलीकडच्या माणसाशी दुभाष्याशिवाय बोलू शकले असते.

‘थायलंड ख्मेर वारसा स्वतःचा म्हणून कसा मिरवू शकतो?’

कंबोडियातून येणारा हा आक्षेप. त्याला आधार आहे. थाई संग्रहालयांत ख्मेर धर्तीच्या कलेला बराच काळ ‘लोपबुरी शैली’ अशी पाटी लावत आले. लोपबुरी हे मध्य थायलंडमधलं शहर. तिथेही ख्मेर सत्ता होती. हे वर्गीकरण १९२०च्या दशकातलं. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांनी या मूर्ती ‘आपल्याकडच्या एका शैलीतल्या’ म्हणून पाहिल्या, ख्मेर हे नाव न घेता. ही हातचलाखी आहे, सरळ सांगायला हरकत नाही.

मात्र उलट दावाही टिकत नाही. ख्मेर म्हणून कंबोडियाचं, असं म्हटलं तर बुरीरामचा ख्मेर शेतकरी कुठे जाईल? त्याच्या पूर्वजांनी बांधलेलं देऊळ त्याच्या प्रांतात आहे आणि ते दुसऱ्या देशाचं कसं? सतरा वर्षं दगड जोडत बसले ते थाई खात्याचे लोक. कंबोडियाने अंकोर प्राणपणाने जपलं म्हणून फनोम रुंगवर त्याचा हक्क बसत नाही, आणि थायलंडने फनोम रुंग उभं केलं म्हणून ते ‘थाई शैलीचं’ होत नाही.

युनेस्कोचा नियमही यात फार मदत करत नाही. जागा ज्या देशाच्या हद्दीत, त्यानेच जागतिक वारशासाठी अर्ज करायचा. त्यानुसार थायलंडने २०१९मध्ये फनोम रुंग, मुआंग ताम आणि प्लाय बात ही देवळं संभाव्य यादीत घातली. दोन देशांनी मिळून अर्ज करायची सोय त्या नियमांत आहे. अंकोर-फिमाई रस्ता सरायांसकट एकत्र मांडला तर त्याहून चांगला प्रस्ताव मला सुचत नाही. सध्याच्या वातावरणात तो कोणी मांडेल असं वाटत नाही, तो भाग निराळा.

यादीतलं प्लाय बात हे नाव लक्षात ठेवा. १९६४च्या आसपास या टेकडीवरच्या देवळातून कांस्य बोधिसत्त्वांचा साठाच्या साठा उकरून विकला गेला. त्या मूर्ती अमेरिकेच्या संग्रहालयांत पसरल्या. डग्लस लॅचफर्ड हा कलाविक्रेता या व्यापारातलं मोठं नाव. २०१९मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर आरोपपत्र झालं, २०२०मध्ये तो मेला आणि खटला तिथेच थांबला. वस्तू मात्र हलू लागल्या. २०२१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून दोन उत्तरंग थायलंडला आले, त्यांतला एक बुरीरामच्या नोंग होंग देवळाचा. डिसेंबर २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने चौदा शिल्पं कंबोडियाला आणि दोन थायलंडला परत करायचं जाहीर केलं. एकाच विक्रेत्याच्या साखळीतून गेलेल्या ख्मेर मूर्ती, आणि वाटणी झाली ती कोणती कुठल्या जमिनीतून निघाली यावरून.

थायलंडला मिळालेल्या दोनांपैकी एक १२९ सेंटिमीटर उंचीची, सोन्याचा मुलामा दिलेली उभी पुरुषमूर्ती आहे. अकराव्या शतकातली. ‘गोल्डन बॉय’ नावाने ती गाजली. ती बुरीरामच्या लाहान साई तालुक्यातल्या एका गावाजवळ सापडल्याचं सांगतात. २०२४च्या मे महिन्यात मूर्ती आली आणि बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवली गेली. लाहान साईहून बँकॉक चारशे किलोमीटरांच्या आसपास पडतं. फिमाईचं राष्ट्रीय संग्रहालय त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर आहे.